जुनी गाडी काढली, आता नवीन विकत घ्यायची की लीजवर? हिशोब असा मांडा

सगळ्यात आधी एकच आकडा कागदावर लिहा, पुढची गाडी तुम्ही किती वर्षं ठेवणार तो. आणि इथे स्वतःला फसवू नका. मागची गाडी किती वर्षं ठेवली होती ते बघा आणि तेवढाच आकडा धरा. बारा वर्षं एकच वॅगनआर चालवलेला माणूस शोरूममधे गेला की म्हणतो आता दर तीन वर्षांनी गाडी बदलणार, आणि मग नवीन गाडीसुद्धा मुलाचं कॉलेज संपेपर्यंत पार्किंगमधे तीच असते. लीज का विकत याचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे, उरलेलं तुमच्या टॅक्स स्लॅबमधे आणि गाडी कुठली घेताय त्यात.

आता लीज म्हणजे आपल्याकडे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करून बोलतात म्हणून गोंधळ होतो. एक कंपनी लीज. म्हणजे तुम्ही जिथे नोकरी करता ती कंपनी ऑरिक्स किंवा आयव्हन्ससारख्या लीजिंगवाल्याकडून गाडी घेते, तुम्हाला वापरायला देते आणि भाडं तुमच्या सीटीसीतून, म्हणजे पगाराच्या एकूण पॅकेजमधून, वळतं करते. दुसरं सबस्क्रिप्शन, जे मारुतीने २०२० मधे सुरू केलं आणि बाकीच्या काही ब्रँडचंही आहे, त्यात नोकरी कुठे याचा संबंध नाही, महिन्याला एक ठरलेली रक्कम भरायची, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, रोडसाइड असिस्टन्स सगळं त्यातच, आणि मुदत संपली की चावी परत द्यायची किंवा पुढे वाढवायची. यात नंबर प्लेट कधी पांढरी मिळते कधी भाड्याच्या गाडीची, काळ्यावर पिवळी अक्षरं असलेली, ते आधी विचारून घ्या, कारण घरी एकदा काळी पाटी येऊन उभी राहिली की वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न तोच विचारतात. दसऱ्याला हार घालायचा की नाही हा पुढचा.

हिशोब मांडताना बहुतेक जण जे करतात ते म्हणजे ईएमआय आणि लीजचं भाडं शेजारी शेजारी ठेवून कुठला आकडा लहान ते बघतात. त्याने काहीच कळत नाही. ईएमआयमधे इन्शुरन्स नसतो, सर्व्हिसिंग नसतं, टायर नसतात, पण ईएमआय संपल्यावर हातात एक गाडी असते जी विकता येते. भाड्यात सगळं असतं पण शेवटी हातात काही नसतं. म्हणून दोन्हीकडे एकूण किती पैसे गेले, त्यातून परत किती आले, आणि उरलेल्याला महिन्यांनी भागलं, असंच करावं लागतं.

एक उदाहरण घेतो. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे टाका. पुण्यात एक छोटी पेट्रोल गाडी, एक्स शोरूम ८ लाख. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८,००० तिथेच गेले, इन्शुरन्स आणि बाकीचं धरून ऑन रोड साडेनऊ लाख. दीड लाख खिशातून भरले, ८ लाखांचं लोन काढलं, ९ टक्क्याने पाच वर्षं. ईएमआय येतो साधारण १६,६०७. पाच वर्षांत बँकेला ९.९६ लाख, डाउन पेमेंट धरून ११.४६ लाख. वर पुढच्या चार वर्षांचा इन्शुरन्स ८०,००० धरू, सर्व्हिसिंग ७०,०००, एकदा टायर २०,०००. झाले १३.१६ लाख. पाच वर्षांनी गाडी ४ लाखांना गेली तर खरा खर्च ९.१६ लाख, भागिले ६० म्हणजे महिन्याला साधारण १५,३००. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच म्हणून धरलेलं नाही.

आता तीच गाडी सबस्क्रिप्शनवर सगळं धरून २२,००० ने मिळतेय असं समजा. पाच वर्षांचे १३.२० लाख. म्हणजे विकत घेण्यापेक्षा ४ लाख जास्त, एवढ्यात दुसरी जुनी गाडी येते. इथे वाटेल की लीज हा सरळ सरळ तोटा, पण थांबा.

तीच गाडी दोन वर्षांतच काढायची असेल तर बघा काय होतं. दीड लाख डाउन पेमेंट, २४ हप्त्यांचे ३.९९ लाख, तेव्हा लोनचे अजून ५.२२ लाख बाकी असतात ते एकदम भरायचे, त्यावर फोरक्लोजर, म्हणजे लोन मुदतीआधी बंद करायचा दंड, ३ टक्के धरलं तर अजून १५-१६ हजार, दुसऱ्या वर्षाचा इन्शुरन्स आणि थोडं सर्व्हिसिंग ३२,०००. सगळे मिळून ११.१८ लाख. गाडी गेली ६.२० लाखाला, तर खर्च जवळपास ५ लाख, महिन्याला पावणेएकवीस हजार. आणि सबस्क्रिप्शन २२,०००. फरक उरला हजार बाराशेचा, आणि त्या हजारात गिऱ्हाईक शोधणं, बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, आरटीओ, ओएलएक्सवर रात्री अकराला येणारे लास्ट प्राइसचे मेसेज हे सगळं वाचतं. माझ्या मते तेवढे द्यायला हरकत नाही.

असं का होतं ते सांगतो. गाडीची किंमत सुरुवातीलाच जास्त पडते. इन्शुरन्सवाल्यांचा घसाऱ्याचा तक्ता बघितलात तर पहिले सहा महिने ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के, आणि हा घसारा एक्स शोरूम किमतीवर. रोड टॅक्सचे ८८,००० तर त्यात धरलेलेच नाहीत. तो टॅक्स पंधरा वर्षांसाठी एकदम भरलेला असतो, गाडी जितकी जास्त ठेवाल तितका तो पसरतो. म्हणून आठ दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याने लीजचा विचारही करू नये, आणि बदलीची नोकरी आहे, दोन वर्षांनी बंगळुरू का जर्मनी ते माहीत नाही, अशा माणसाने तरी नक्की करावा. विशेषतः राज्य बदलायचं असेल तर, कारण महाराष्ट्रातली गाडी कर्नाटकात कायमची न्यायची म्हणजे इथून एनओसी, तिथे परत टॅक्स, आणि इथल्या टॅक्सच्या रिफंडसाठी परत अर्ज. ते ज्याने केलंय त्याला विचारा, तो बरंच काही सांगेल.

आता कंपनी लीज, कारण आयटीतल्या लोकांना हे एचआरच्या मेलमधे दरवर्षी येतं आणि कॅन्टीनमधे कोणीतरी छातीठोक सांगतो की तीस टक्के वाचतात. वाचतात, पण कोणाचे ते बघा. यात भाडं पगारातून टॅक्स लागायच्या आधी जातं. तुमच्यासाठी फक्त गाडीची सुविधा म्हणून एक ठरावीक रक्कम उत्पन्नात धरली जाते, जी बरीच वर्षं १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनला महिन्याला १,८०० आणि त्यावरच्याला २,४०० होती. १ एप्रिल २०२६ पासून नवीन प्राप्तिकर कायदा लागू आहे त्यामुळे चालू वर्षाचा आकडा पेरोलवाल्यांकडून लेखी घ्या, मित्राच्या जुन्या एक्सेलवर जाऊ नका. आणि गाडी थोडी ऑफिसच्या कामाला थोडी घरच्या असा वापर धरूनच हे गणित आहे. ही सवलत नवीन टॅक्स रेजिममधेही चालते कारण हे डिडक्शन नाही, सुविधेची किंमत काढायची पद्धत आहे, म्हणूनच नवीन रेजिममधे एचआरए (घरभाड्याची सवलत) वगैरे गेल्यावर लोक हिच्याकडे वळले.

३० टक्के स्लॅबमधला माणूस सेस धरून ३१.२ टक्के भरतो. २५,००० भाडं असेल तर टॅक्स ७,८०० ने कमी होतो, त्यातून त्या सुविधेच्या किमतीवरचा टॅक्स वजा करायचा. खिशाला भाडं १७-१८ हजारांच्या आसपास लागतं. हे चांगलंच आहे. पण १५ टक्के स्लॅबवाल्याला तेच ३,९०० होतात आणि भाड्यातला जीएसटी ते सगळे खाऊन टाकतो. आणि पगार १२.७५ लाखांच्या आत असेल तर नवीन रेजिममधे तुम्हाला टॅक्सच लागत नाही, मग वाचणार काय? तरीही त्या पगाराची पोरं टॅक्स वाचतो म्हणून लीजचा फॉर्म भरतात. आधी स्वतःचा फॉर्म १६ उघडा, टॅक्स किती भरला ती ओळ बघा, मग एचआरला मेल करा.

नोकरी सोडण्याचा विषय तर कॅन्टीनवाला सांगतच नाही. लीज चार वर्षांची आणि तुम्ही दीड वर्षात राजीनामा दिला तर गाडीचं काय? एकतर नवीन कंपनीने ती लीज घ्यायची, जे क्वचित होतं, नाहीतर उरलेली रक्कम अधिक फोरक्लोजर भरून गाडी स्वतः घ्यायची, नाहीतर दंड भरून परत द्यायची. तो नोटिस पिरियडचाच महिना असतो, फुल अँड फायनलमधून, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या हिशोबातून, मोठी रक्कम कापली जाते. म्हणून फोरक्लोजरचा तक्ता महिन्यानुसार आधी मागून घ्या, बाराव्या महिन्यात किती, अठराव्यात किती, चोविसाव्यात किती. तोंडी सांगतील, पीडीएफच मागा.

जीएसटीचं थोडं नीट समजून घ्या कारण गाडी कुठली यावर इथे उत्तर फिरतं. गाडीच्या भाड्यावर जीएसटी त्या गाडीच्याच दराने लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना, म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची, १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के. इलेक्ट्रिक ५ टक्के. आता विकत घेताना हा जीएसटी फक्त गाडीच्या किमतीवर लागतो, लोनच्या व्याजावर लागत नाही. लीजमधे मात्र लीजिंग कंपनीचं व्याज, तिचा नफा सगळं भाड्यातच असतं आणि त्या सगळ्या भाड्यावर टॅक्स. छोट्या गाडीला ते सहन होतं, पण मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्क्याने फारच झोंबतं, आणि ती एसयूव्ही तुम्ही सहा वर्षं वापरणार असाल तर लीज घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

उलट इलेक्ट्रिक गाडीला लीज मला सगळ्यात पटते. भाड्यावर फक्त ५ टक्के, आणि विकत घेणाऱ्याची जी मुख्य भीती असते, की पाच वर्षांनी बॅटरीचं काय आणि हिला रिसेल काय येईल, ती लीजमधे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. टेक्नॉलॉजी इतकी पटापट बदलतेय की आजची रेंज तीन वर्षांनी जुनाट वाटेल. एमजीने सप्टेंबर २०२४ मधे विंडसर आणली तेव्हा तर मधलाच रस्ता काढला, गाडी ९.९९ लाखाला विकत आणि बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. म्हणजे महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवली तर ७,००० बॅटरीचे, चार्जिंग वेगळं. रोज तळेगाव ते हडपसर करणाऱ्याने तर गुणाकार करूनच बघावा.

स्वतःचा धंदा, दवाखाना, ऑफिस असेल तर वेगळा विचार. लीजचं भाडं धंद्याच्या वापरापुरतं सरळ खर्चात टाकता येतं, विकत घेतली तर घसारा साधारण १५ टक्क्याने आणि लोनचं व्याज खर्चात. पण साध्या प्रवासी गाडीच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या जीएसटीतून वजावट, मात्र सहसा दोन्हीकडे मिळत नाही, सेल्समन काहीही म्हणो. सीएला एक फोन करा, दहा मिनिटांचं काम आहे.

समजा लीजच ठरली. मग सही करायच्या आधी काय काय विचारायचं. आरसी, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशनचं कागद, कोणाच्या नावावर असणार? हा प्रश्न महाराष्ट्रात महत्वाचा आहे कारण कंपनीच्या नावावर गाडी रजिस्टर केली तर टॅक्स ११-१२ नाही, २० टक्के आहे, आणि तो कुठून तरी तुमच्याच भाड्यात येतो. काही योजनांत आरसी तुमच्या नावावर आणि त्यावर फायनान्स कंपनीचा बोजा, असंही असतं. महिन्याला किलोमीटर किती, १,५०० असेल तर ते महिन्याचे महिन्याला मोजणार का वर्षाचे एकत्र? कारण गणपतीत गावाला कोकणात जाऊन आलात, तिथे पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं नेलं, की तो महिना संपलाच, मग बाकीचे महिने गाडी उभी असली तरी जादाचा दंड लागणार. परत देताना ओरखडा कशाला म्हणतात आणि डॅमेज कशाला, ते फोटोसकट दाखवा म्हणा. पुण्यात बंपरला एक ओरखडा नसलेली तीन वर्षांची गाडी दाखवा मला, आणि तो खर्च तुमच्या डिपॉझिटमधून जाणारे. गाडी घेतानाच चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा, तारखेसकट. बाहेरून सीएनजी किट बसवायचं मनात असेल तर विसरा, लीजच्या गाडीला चालत नाही. आणि सगळ्यात महत्वाचं, गाडी पुरात गेली किंवा चोरीला गेली तर इन्शुरन्सचे पैसे लीजिंग कंपनीला मिळतात, ते कमी पडले तर फरक कोण भरणार? करारात तो तुमच्या माथी असेल तर रिटर्न टू इनव्हॉइसचा अॅड ऑन, म्हणजे घसारा न कापता बिलाची किंमत देणारी जोड, पॉलिसीत आहे का बघा. लोनवर विकत घेतलीत तरी हा अॅड ऑन पहिली तीन वर्षं घ्याच, तिथेही पहिले पैसे बँकच घेते.

विकत घ्यायचं ठरलं असेल तर फार सांगण्यासारखं नाही, बहुतेकांना माहीत असतं. कार लोन बऱ्याचदा फिक्स्ड रेटचं असतं आणि त्याला फोरक्लोजर चार्ज असतो, फ्लोटिंगवाली बँक मिळाली तर बघा. पितृपक्षात शोरूम रिकामे असतात, बुकिंगचं बोलणं तेव्हा करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या, दोन्ही पक्ष खूश. डिसेंबरचा डिस्काउंट घेताना लक्षात ठेवा की विकताना लोक बनवल्याचं वर्ष बघतात, त्यामुळे लवकर विकणाऱ्याला तो डिस्काउंट पुढे महाग पडतो, दहा वर्षं ठेवणाऱ्याला काही फरक नाही. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच घेतलेला प्राप्तिकर, कापतात, तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा वळता होतो, बरेच जण विसरतात. आणि दोन तीन वर्षं जुनी सेकंडहँड हा पर्याय यादीतून काढू नका, वरचा घसाऱ्याचा तक्ता परत वाचा, पहिल्या मालकाने सगळ्यात मोठा खड्डा भरून दिलेला असतो.

आता जुन्या गाडीचं एक काम, जे लीज घेणारे हमखास सोडतात. तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो आणि तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकली, एक्स्चेंजला दिली किंवा भंगारात काढली की इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या. विकत घेणाऱ्याने ते लगेच नव्या गाडीच्या पॉलिसीत वापरावं, डीलर तुम्हाला बोनस नसलेलं कोटेशन आधी देईल, मागितल्याशिवाय कमी करणार नाही. पण ते पत्र चालतं तीन वर्षं. तुम्ही चार वर्षांची लीज घेतली आणि पॉलिसी लीजिंग कंपनीच्या नावावर असली तर तुमचा ५० टक्क्यांचा बोनस तिथेच संपला, पुढची गाडी स्वतः घ्याल तेव्हा शून्यापासून सुरू. वर्षाला काही हजारांचा प्रश्न आहे, मोठी रक्कम नाही, पण हिशोबात लीजच्या बाजूला ती लिहा. घरात दुसरी गाडी तुमच्याच नावावर घ्यायची असेल तर बोनस तिकडे लावता येतो.

जुनी पंधरा वर्षांची होत आली असेल तर तिला परत पासिंग करून दोन वर्षं ओढणं हाही एक मार्ग आहे, इंजिन ठणठणीत असेल आणि रनिंग कमी असेल तर मी तोच सांगेन. फिटनेस, पासिंगची फी, ग्रीन टॅक्स आणि नवीन नंबर प्लेट धरली तरी चार महिन्यांच्या लीजच्या भाड्यात बहुतेक भागतं. ती विकायचीच असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून देऊ नका, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरूनच द्या, ट्रान्सफर झाल्याचं परिवहनच्या साइटवर दिसेपर्यंत काही रक्कम अडवून ठेवा, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. भंगारात द्यायची तर सरकारमान्य स्क्रॅप सेंटरलाच द्या, तिथलं डिपॉझिटचं सर्टिफिकेट असेल तर नवीन गाडीच्या टॅक्समधे सूट मिळते, आणि ती सूट घ्यायची तर नवीन गाडी तुमच्या नावावर रजिस्टर होणार आहे ना ते लीजवाल्याला आधीच विचारा.